नमुना गेला, उत्तर यायचे राहिले

2021 च्या फेब्रुवारीत राज्यभर कोरोना ओसरल्याची भाषा सुरू असताना अमरावती जिल्ह्यात रुग्ण एकाएकी वाढू लागले. हरभरा सोंगणीला आला होता, तुरी घरात येत होत्या, लग्नसराई सुरू होती आणि 15 जानेवारीच्या ग्रामपंचायत निवडणुकांचा गुलाल अंगणांतून अजून पुरता गेला नव्हता. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. नांदगाव खंडेश्वरच्या चौकात, यवतमाळकडे जाणाऱ्या गाड्यांत, बडनेऱ्याच्या फलाटावर एकच बोलणे होते: अमरावतीत नवा कोरोना निघाला म्हणतात.

त्याच सुमारास आरोग्य विभागाने खुलासा केला की ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथे आढळलेले प्रकार अमरावती-यवतमाळच्या तपासलेल्या नमुन्यांत सापडलेले नाहीत. विधान खरे होते. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'म्हणजे नवीन काही नाही' असा घेतला. विषाणू बाहेरून यायची वाट न बघता आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच लोकांच्या श्वासातून बदलत जाऊ शकतो, हे समजावून सांगायला तालुक्याच्या गावात कुणी नव्हते. 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे बदल डिसेंबरच्या तुलनेत वाढले असून ते 15 ते 20 टक्के नमुन्यांत दिसत आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले, शास्त्रज्ञांनी बी.1.617. त्याच्या एका उपशाखेला जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे रोजी डेल्टा हे नाव दिले. तोवर एप्रिल आणि मे येऊन गेले होते, आणि त्या दोन महिन्यांत काय झाले ते वऱ्हाडातल्या घरांना सांगायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. डेल्टा अमरावतीत जन्मला, असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही आणि तसे म्हणायला आधारही नाही. बी.1.617 चे सर्वांत जुने नोंदलेले नमुने भारतातले, ऑक्टोबर 2020 चे आहेत. पण एखादा प्रकार जिथे प्रथम सापडतो तिथेच तो उपजला असे होत नाही. जिथे कुणीतरी तपासले, तिथे तो सापडतो. एखाद्या गावाला किंवा देशाला विषाणूचे नाव चिकटवण्याची खोड म्हणूनच सोडली पाहिजे. ग्रीक अक्षरे वापरण्याचा निर्णय त्याच कारणाने झाला.

मला सलणारी गोष्ट वेगळी आहे. नमुने आपल्या लोकांच्या नाकाघशातून घेतले गेले. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली, त्यातले काही जनुकीय क्रमनिर्धारणासाठी पुण्याला गेले, तिथून ती माहिती जगाच्या संग्रहात गेली आणि लंडन-बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी ती वाचली. जिथून नमुना निघाला त्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत, त्या आशाताईपर्यंत, त्या घरापर्यंत उत्तर आले नाही. जे आले ते अफवांच्या रूपाने. उत्तराची ही परतीची वाट बांधण्याचे काम सरकारी यंत्रणा एकटी करू शकत नाही. ते संशोधनाचा पाठपुरावा करणाऱ्या स्वयंसेवकांचे काम आहे, आणि हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

विषाणू बदलतो म्हणजे काय, याची धास्ती वऱ्हाडातल्या वाचकाने घेऊ नये. आपल्या कास्तकाराने उत्क्रांती वावरात पाहिलेली आहे. बीटी कपाशी 2002 साली आली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले, आणि काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या पऱ्हाटीवर ती कशी तुटून पडली ते सर्वांना आठवते. अळीने काही ठरवलेले नव्हते. लाखो अळ्यांपैकी ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली. पाकिटासोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे बांधाकडेने का पेरायचे, हे ज्याने एकदा समजून घेतले त्याला कोरोनाच्या बदलांचे तर्कशास्त्र समजायला वेळ लागत नाही. विषाणूची जनुकीय संहिता सुमारे 30 हजार अक्षरांची आहे. ती नकलताना चुका होतात, आणि एका वंशात महिन्याला साधारण दोन चुका टिकून राहतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण विषाणूच्या काट्यावर, म्हणजे ज्या प्रथिनाने तो आपल्या पेशीला चिकटतो त्याच्यावर, 452 किंवा 484 अशा मोक्याच्या जागी बदल झाला तर प्रतिपिंडांची पकड सैल होऊ शकते, आणि 681 या जागेवरच्या बदलाने पेशीत शिरणे सोपे होऊ शकते. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानातून कळलेल्या ओमायक्रॉनच्या काट्यावर असे तीसहून अधिक बदल एकदम दिसले. यापुढचा तपशील पुस्तकात आहे. इथे एवढेच, की उगवणारा प्रत्येक प्रकार भयंकर नसतो आणि 'आता तो सौम्य झाला' ही निसर्गाने दिलेली हमीही नसते.

स्वयंसेवक आणि विज्ञान यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उतरला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तीन महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने टोचून घ्यायला पुढे आले. कैद्याची 'स्वेच्छा' किती मोकळी असते हा प्रश्न आज विचारावा लागतो, आणि लसचाचण्यांच्या नीतीचा पुढचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरतो. तिकडे पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. एकाच वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत महाराष्ट्राने स्वयंसेवेची दोन रूपे पाहिली: एक संशोधनाला देह देणारे, दुसरे रुग्णाला देह देणारे. त्यांची एकमेकांशी गाठ मात्र पडली नाही, आणि ती फार काळ तशीच राहिली.

1918 च्या इन्फ्लूएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होते. त्या वेळी विषाणू दिसण्याचे साधनच नव्हते. इन्फ्लूएंझा एका जिवाणूने होतो अशी समजूत होती. सेवा पुष्कळ झाली, पण सेवकांना सांगण्यासारखे ज्ञान शास्त्रज्ञांकडेही नव्हते. पुढच्या पिढीत वऱ्हाडाने सेवेला ज्ञानाची जोड दिली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले ते कुष्ठरोगाबद्दलची भीती वैद्यकाच्या बळावर मोडण्यासाठी. गाडगेबाबांचा खराटा आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ग्रामसेवेची फळी यांनी सार्वजनिक आरोग्याची भाषा गावाच्या तोंडी घातली. आज इथे कुणी गावात जाऊन आरोग्यावर बोलू लागला तर लोक ऐकून घेतात, त्याचे श्रेय या परंपरेला आहे.

पुण्यात 1952 साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद आणि 1980 मध्ये लोकविज्ञान संघटना स्थापन झाल्या. या दोहोंत फरक आहे आणि तो नवख्या वाचकाने लक्षात घ्यावा. एका प्रवाहाचा भर विज्ञान मराठीत आणण्यावर होता. दुसऱ्याने विज्ञानाला प्रश्न विचारायला शिकवले: हे औषध गरजेचे आहे का, ते कुणाच्या फायद्याचे आहे, याचा पुरावा काय. कोरोनाकाळात मला दुसरी परंपरा अधिक मोलाची वाटली, कारण माहितीचा तुटवडा नव्हताच. तुटवडा होता तो माहिती पारखण्याच्या सवयीचा.

मार्च 2020 नंतर जगभर विज्ञानातल्या स्वयंसेवेला अचानक फांद्या फुटल्या. काहींनी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ दिला: फोल्डिंग ॲट होम या उपक्रमात इतके घरगुती संगणक जोडले गेले की त्यांची एकत्रित ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणनांच्या पुढे गेली. कोव्हिड मूनशॉट या खुल्या प्रकल्पाने कुठल्याही रसायनतज्ज्ञाकडून औषधाच्या रेणूंचे आराखडे मागवले आणि एकस्वाचा हक्क सोडून दिला. कॉक्रेन क्राउडमधले स्वयंसेवक शोधनिबंधांच्या ढिगातून खऱ्या औषधचाचण्या वेगळ्या काढत बसले. कंटाळवाणे काम, पण वैद्यकाचा पाया अशाच कामावर उभा असतो. आपल्या देशात कोव्हिड19इंडिया या गटातल्या तरुणांनी राज्यांची पत्रके रोज वाचून जिल्हानिहाय आकडे मांडले आणि 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत ते चालवले. पाचशेहून अधिक भारतीय शास्त्रज्ञ स्वयंसेवक म्हणून एकत्र आले आणि त्यांनी गैरसमजांची उत्तरे मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिली.

विषाणूच्या वंशावळीवर नजर ठेवणाऱ्यांची शाखा सर्वांत अनोखी. नव्या वंशाला क्रमांक देण्याची जी पँगो पद्धत 2020 मध्ये सुरू झाली, तिच्या खुल्या नोंदवहीत कुणीही पुराव्यासह प्रस्ताव मांडू शकतो. पुढच्या काळात कुठल्याही प्रयोगशाळेशी संबंध नसलेल्या, स्वतः शिकलेल्या माणसांनी असे कितीतरी प्रस्ताव मांडले आणि ते मान्य झाले. 2022 मध्ये भारतात प्रथम दिसलेला बीए.2.75 काय, किंवा दोन वंशांच्या मिसळणीतून झालेला एक्सबीबी काय, त्यांची वाढ जगात अनेकजण आपापल्या घरून रोज मोजत होते.

आणि एक शाखा तपासनिसांची. आयव्हरमेक्टिनने मृत्यू प्रचंड घटतात असे सांगणारा इजिप्तमधला एक निबंध लंडनच्या जॅक लॉरेन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून वाचला. त्याला त्यात उचललेला मजकूर आणि न जुळणारे आकडे दिसले. जुलै 2021 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. त्याच्या दोनच महिने आधी गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना ते औषध देण्याची घोषणा केली होती. एका विद्यार्थ्याच्या बारकाईचे मोल यावरून कळावे. पुण्यातल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि डॉ. राहुल बहुलीकर यांनी विषाणूच्या उगमाचा माग काढताना 2012 मध्ये चीनच्या मोजियांगमधल्या खाणीत आजारी पडलेल्या कामगारांचे प्रकरण ऑक्टोबर 2020 मध्ये निबंधातून जगापुढे मांडले. उगमाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. इथे त्यांचा उल्लेख अशासाठी, की नेमून न दिलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा मराठी माणसांनीही केला.

आता ज्या प्रकरणामुळे हे पुस्तक लिहावेसे वाटले त्याकडे येतो. एप्रिल 2021 मध्ये प्रत्येक गटात एकच हाक होती: प्लाझ्मा पाहिजे, बी पॉझिटिव्ह, तातडीने. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या आवारात, नागपूरच्या रक्तपेढ्यांपुढे तरुण पोरे रात्र रात्र धावत होती. कोरोनातून नुकते उठलेले दाते शोधायचे, त्यांना गाडीत घालायचे, नाक्यावर पास दाखवायचा, पोचवायचे. त्या धावण्यात जी माणुसकी होती तिला मी नमस्कार करतो. पण तोवर काय माहीत झालेले होते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वतःच देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली होती. मध्यम आजाराच्या त्या रुग्णांत प्लाझ्माने ना मृत्यू घटले ना आजार बळावणे थांबले. हा निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे आपल्याच देशातल्या रुग्णांवर, आपल्याच पैशाने मिळालेले उत्तर सहा महिने आधी उपलब्ध होते. महाराष्ट्राने जून 2020 मध्ये प्लॅटिना नावाचा प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प जाहीर केला होता, त्यामुळे लोकांच्या मनात त्या उपचाराची आशा खोल बसली होती. 17 मे 2021 रोजी परिषदेने प्लाझ्मा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला. तोवर लाट माथ्यावरून उतरू लागली होती.

रेमडेसिव्हिरचेही असेच. नोव्हेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते न वापरण्याचा सल्ला दिला होता, कारण त्याने जीव वाचतो असा पुरावा तोवर मिळाला नव्हता. एप्रिलमध्ये त्याच्या एकेका कुपीसाठी लोक दागिने मोडत होते. याउलट ज्याने जीव वाचतो हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने 16 जून 2020 लाच दाखवले, ते डेक्सामेथासोन कुठल्याही गावात मिळणारे, काही रुपयांचे औषध. त्याची अटही तेव्हाच सांगितली होती: ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला फायदा, न लागणाऱ्याला नाही. ती अट न पाळता घरच्या घरी, पहिल्याच दिवसापासून स्टिरॉइड घेतले गेले, आणि मधुमेह असलेल्यांना पुढे म्युकरमायकोसिसने गाठले.

या सगळ्यात दोष त्या धावणाऱ्या पोरांचा नाही. डॉक्टरने चिठ्ठी दिली तर घरचा माणूस आणि त्याचे मित्र धावणारच. पण त्यांच्यातल्या एकाने जरी ऑक्टोबरमधला तो निबंध वाचलेला असता आणि डॉक्टरला नम्रपणे विचारले असते, तर तीच ताकद ऑक्सिजनची खाट शोधण्याकडे, घरातल्या माणसाचे ऑक्सिमीटर दर काही तासांनी बघण्याकडे, खिडक्या उघडायला लावण्याकडे वळली असती. खिडक्यांचे मुद्दाम लिहितो. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल जाहीर आवाहन केले होते, आणि आपण तरीही रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारत राहिलो व बंद खोलीत तेरवीला बसलो.

हे वाचून कुणी म्हणेल की शास्त्रीय निबंध वाचणे हे काय आपल्या तालुक्याचे काम आहे? मला तसे वाटत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा प्रत्येक पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक होते. त्यांनी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला. म्हणजे मनुष्यबळ गावात आहे, शिस्त आहे, घरात जायचा विश्वास आहे. त्यांच्या हाती थर्मामीटर दिले गेले. थर्मामीटरवरच्या आकड्यामागचे शास्त्र दिले गेले नाही. आशाताईला दारात विचारलेले प्रश्न कुठल्याही परिषदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांइतकेच अवघड होते: लस घेतल्यावरही कोरोना कसा झाला? दुसरी मात्रा कधी, आणि अंतर मधेच का वाढवले? गरोदर सुनेला द्यायची का? या प्रश्नांची चांगली उत्तरे होती. ती इंग्रजीत होती, आणि दारापर्यंत यायला त्यांना माणूस हवा होता.

हे आता कशाला, असे विचारले जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपल्याचे कुणी जाहीर केलेले नाही. तपासण्या घटल्या, त्यामुळे बदल होतात ते उशिरा दिसतात. आणि दुसरा विषाणू आपल्या विदर्भात येऊन गेला आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 निघाला. त्याच विषाणूने त्या वर्षी अमेरिकेत दुभत्या गाईंना गाठले होते. माणसातून माणसात तो सहज पसरत असल्याचे दिसलेले नाही. पण कोंबडीपालन आणि दूध हे ज्या भागात घरोघरचे उत्पन्न आहे, तिथे मेलेल्या कोंबड्यांची खबर पशुवैद्यकीय दवाखान्याला वेळेत देणारा आणि 'चिकन बंद करा'च्या अफवेला पुराव्याने थांबवणारा माणूस साथ येण्याआधी तयार असावा लागतो. साथ आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही, हे 2021 ने दाखवले.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. हे विषाणूशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि उपचारांचे तर नाहीच. कुठले औषध घ्यावे हे यात कुठेही सांगितलेले नाही. निबंध कसा वाचावा, यावर सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत: किती माणसांवर चाचणी झाली, तुलनेला दुसरा गट होता का, निबंध तज्ज्ञांनी तपासला की नुसताच मांडला, प्रयोगशाळेतल्या बशीतला परिणाम माणसात दिसला का, पैसा कुणाचा. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या माणसाला हे जमते. जे शिकलेले नाहीत त्यांनी तो भाग शाळेतल्या पोरासोबत बसून वाचावा. 'अजून माहीत नाही' हे वाक्य लोकांसमोर ठामपणे कसे म्हणायचे, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि मला ते सर्वांत आवश्यक वाटते. हे म्हणता न आल्यामुळेच 2020-21 मध्ये पुष्कळ जाणकार गप्प बसले आणि अर्धवट ऐकलेले बोलत राहिले. लसींचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. जंतूंच्या शोधाचा जुना इतिहास मात्र थोडक्यात आटोपला, त्यावर मराठीत चांगली पुस्तके आहेत.

प्रत्येक विधानापुढे महिना आणि वर्ष दिले आहे. त्याचे कारण असे की यातली काही विधाने जुनी होतील, आणि ती कुठली हे आज सांगता येत नाही. एखादी गोष्ट बदलली असे दिसले तर वाचकाने पुस्तकातच पेनाने दुरुस्ती करावी आणि तारीख टाकावी. समासात त्यासाठी जागा सोडली आहे.

शेवटी एका अर्जाचा मसुदा छापला आहे. तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे आहे, आणि त्यातली मागणी एकच आहे: आपल्या तालुक्यातून जनुकीय तपासणीसाठी किती नमुने गेले, त्यांत काय आढळले आणि त्यामुळे लोकांनी काय वेगळे करायचे, हे दर महिन्याला एका पानावर, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. रुग्णाचे नाव नको, गावाचे नाव नको, तालुका पुरे. ज्यांना ही मागणी पटेल त्यांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि तो अर्जासोबत जोडावा. ठरावाचे शब्दही तिथेच दिले आहेत.